जाळता येईल असं फोल्डर

यूनिटी या गेम इंजिनमध्ये केलेला गेम विंडोजसाठी बाहेर काढला की तो ज्या फोल्डरमध्ये उतरतो तिथे चार-सहा गोष्टी दिसतात. गेमच्या नावाची एक ईएक्सई फाइल, त्याच नावापुढे 'डेटा' लागलेलं एक फोल्डर, 'यूनिटीप्लेअर' नावाची डीएलएल फाइल, आणि काही वेळा असं एक फोल्डर ज्याचं नाव म्हणजे अख्खं इंग्रजी वाक्यच असतं: या फोल्डरची प्रत जपून ठेवा, पण गेमबरोबर पाठवू नका. कंपनीला फोल्डरच्या नावातच ताकीद छापावी लागली, यावरून लोक त्याचं काय करत असतील ते कळतं. उलट्या बाजूची चूकही तितकीच नेहमीची. नवशिका मुलगा ईएक्सई तेवढी उचलतो, पेनड्राइव्हवर टाकतो, मित्राच्या घरी जाऊन डबल क्लिक करतो, आणि पडद्यावर तक्रार येते की शेजारी डेटा फोल्डर असायला हवं होतं. गेम बिघडलेला नसतो, अर्धा घरीच राहिलेला असतो. गेम तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आउटपुट फोल्डरबद्दल ज्या तक्रारी होतात, त्या वरवर शंभर तऱ्हेच्या वाटतात. कुठे परवानगी नाकारली, कुठे फाइल सापडली नाही, कुठे जुनाच गेम पुन्हा उघडला. पण बारकाईने पाहिलं तर बहुतेकांचं मूळ एका ठिकाणी निघतं. आपण हाताने केलेलं काय आणि यंत्राने त्यातून काढून दिलेलं काय, यांच्यातली हद्दच आखलेली नसते.

हा विषय नागपूरच्या इतवारी या बाजारपेठेतून पाहण्याला कारण आहे. महाराष्ट्रात गेम म्हटलं की पुण्या-मुंबईची नावं निघतात, आणि ते बरोबरच आहे. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा 'लुडो किंग' २०१६ साली आला आणि घराघरातल्या फोनवर जाऊन बसला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने अनरियल इंजिनवर केलेला 'राजी' २०२० साली आधी निन्टेंडो स्विचवर आणि मग पीसी, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला. म्हणजे एकाच मूळ कामातून चार यंत्रांसाठी चार वेगळे बिल्ड, म्हणजे खेळायला तयार अशा प्रती. राज्य सरकारने २०२५च्या सप्टेंबरमध्ये अॅनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केलं. पण या धंद्याची हत्यारं आता स्टुडिओच्या भिंतीत राहिलेली नाहीत. गोडो हे इंजिन पूर्ण मोफत आणि मुक्त आहे. यूनिटी शिकणाऱ्याला फुकट मिळतं. अनरियलवाले गेमच्या कमाईने दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडल्यावरच पाच टक्के मागतात. तेव्हा समजा, किराणा ओळीतल्या एखाद्या गाळ्याच्या माडीवर, खाली हमालांची ये-जा चालू असताना, कॉलेजातला एखादा मुलगा घरात सर्वांत मिळून एकच असलेल्या लॅपटॉपवर गेम जुळवतो आहे. मोठ्या स्टुडिओत बिल्ड काढायला वेगळं यंत्र असतं, ते सांभाळायला वेगळा माणूस असतो, आणि कुठली फाइल कुठे पडावी याचे नियम आधीच कोणीतरी लिहून ठेवलेले असतात. माडीवरच्या मुलाकडे यांतलं काहीच नाही. चित्रकार, प्रोग्रामर, कोठीवाला आणि हमाल, सगळं तोच. म्हणून फोल्डरची शिस्त पुण्यापेक्षा इतवारीत जास्त मोलाची आहे, आणि शिकवली मात्र कुठेच जात नाही. शिकवणीचे व्हिडिओ उडी कशी मारायची, शत्रू कसा चालवायचा हे दाखवतात आणि शेवटच्या मिनिटात 'आता बिल्ड दाबा' म्हणून मोकळे होतात.

आउटपुट फोल्डरकडे कसं पाहावं हे समजून घ्यायला इतवारीत एक दाखला तयारच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबती, म्हणजे दुष्ट शक्तींचे पुतळे, निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबू, कागद, रंग लावून भलीमोठी मारबत उभी राहते, बडगे नावाच्या इतर पुतळ्यांसह वाजतगाजत फिरते, आणि त्याच दिवशी जळून जाते. मागच्या वर्षीची मारबत जपून ठेवली आहे, यंदा तिलाच रंगाचा हात मारू, असं कोणी म्हणत नाही. टिकून राहते ती करण्याची रीत आणि करणाऱ्यांचे हात. बिल्डचं फोल्डर याच जातीचं आहे. ते मूळ फाइलींतून पुन्हा उभं करता येतं, म्हणून ते निर्धास्त पुसता आलं पाहिजे. पुसताना हात थरथरत असेल तर दोष त्या फोल्डरचा नाही. जे त्यात असायला नको ते काहीतरी त्यात येऊन बसलं आहे, किंवा जे आपल्याकडे मूळ म्हणून असायला हवं ते नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की आउटपुट फोल्डरच्या कोणत्याही अडचणीत पहिला प्रश्न 'कुठलं बटण दाबू' हा नसावा. 'हे सगळं आत्ता पुसलं तर माझं काय जाईल' हा असावा.

ही अडचण गेमच्या जमान्यातली नाही. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमनने 'मेक' नावाची एक छोटी आज्ञावली लिहिली. तिच्या जन्माची हकिगत त्याने स्वतः सांगितली आहे. एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ एका बरोबर प्रोग्राममधली चूक शोधण्यात गेली. चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त फाइल पुन्हा भाषांतरित झालीच नव्हती, आणि तो जुनंच आउटपुट चालवून पाहत होता. फेल्डमनचाही तसाच वेळ वाया गेला होता. मूळ फाइल बदलली की तिच्यावर अवलंबून असलेलं तेवढंच पुन्हा बनवायचं, ही 'मेक'ची कल्पना आज प्रत्येक गेम इंजिनाच्या पोटात कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. २००३ साली फेल्डमनला त्यासाठी संगणकशास्त्रातला मानाचा एसीएम पुरस्कार मिळाला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. 'मेक' वापरणाऱ्यांनी लवकरच एक रिवाज पाडला: प्रत्येक प्रकल्पात 'क्लीन' नावाची एक आज्ञा ठेवायची, जी यंत्राने बनवलेलं सगळं पुसून टाकते. कारण काय जुनं झालं आहे हे ओळखण्यात यंत्रही कधीकधी चुकतं. घड्याळ मागेपुढे होतं, फाइलीचं नाव बदलतं, एखादं नातं नोंदवायचं राहून जातं. पन्नास वर्षांत यंत्रं कुठल्या कुठे गेली, पण 'क्लीन' करून पाहण्याची पाळी अजून येतेच.

इंजिनांच्या रचनेत ही हद्द असते, फक्त ती सांगायची कोणी तसदी घेत नाही. यूनिटीच्या प्रकल्पात 'असेट्स', 'पॅकेजेस' आणि 'प्रोजेक्टसेटिंग्ज' ही तीन फोल्डरं आपली. 'लायब्ररी', 'टेम्प', 'लॉग्ज', 'ऑब्ज' ही यंत्राची. गंमत अशी की 'लायब्ररी' या नावाने नवशिक्याला वाटतं, यातच सगळं ज्ञान भरलेलं असणार. त्यात असतात ती आपल्याच चित्रांची आणि आवाजांची इंजिनाला सोयीची करून घेतलेली रूपं, आणि मूळ शाबूत असतील तर ती पुन्हा होतात. उलट 'असेट्स'मध्ये प्रत्येक फाइलीशेजारी तिच्याच नावाची एक चिमुकली 'मेटा' फाइल असते. ती कचरा वाटते म्हणून लोक मित्राला प्रकल्प देताना गाळतात, आणि मित्राकडे सगळे संबंध तुटून पात्रं गुलाबी दिसू लागतात, कारण कोणती वस्तू कोणती, याची ओळख त्या चिमुकल्या फाइलीतच नोंदलेली असते. अनरियलमध्ये 'कंटेंट', 'कॉन्फिग', 'सोर्स' आपलं. 'बायनरीज', 'इंटरमीडिएट', 'सेव्ह्ड', 'डिराइव्ह्ड डेटा कॅश' यंत्राचं. 'सेव्ह्ड' हे नाव इतकं फसवं आहे की त्याला हात लावायला अनुभवी माणूसही कचरतो. गोडोने त्यातल्या त्यात शहाणपण केलं. यंत्राचं सगळं बिंदूने सुरू होणाऱ्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवलं, आणि एखाद्या फोल्डरकडे इंजिनाने पाहूच नये असं वाटलं तर त्यात 'डॉट जीडीइग्नोर' नावाची रिकामी फाइल ठेवायची सोय दिली. ही वाटणी एकदा कागदावर मांडली की आउटपुट कुठे काढायचं याचं उत्तर आपोआप येतं. प्रकल्पाच्या बाहेर, शेजारी, स्वतःच्या वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये, आणि प्रत्येक यंत्रप्रकारासाठी वेगळ्या. विंडोजचा बिल्ड आणि अँड्रॉइडचा बिल्ड एकाच जागी ओतला, किंवा एका पद्धतीने काढलेल्या बिल्डवर दुसऱ्या पद्धतीचा चढवला, तर यूनिटी कधीकधी स्वतःच सांगतं की ही जागा जुळत नाही, रिकामी जागा दे. सांगत नाही तेव्हा जुन्या-नव्याची खिचडी होते आणि ती शोधायला दुपार जाते.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते पाहू. मुलगा प्रकल्प डेस्कटॉपवर ठेवतो, कारण तिथे तो डोळ्यांसमोर असतो. आजच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर डेस्कटॉप हा खरं तर वनड्राइव्हच्या पोटात असतो, आणि वनड्राइव्हची फुकट जागा पाच जीबी. 'लायब्ररी'त हजारो बारक्या फाइली क्षणाक्षणाला बनतात-मोडतात, आणि वनड्राइव्ह त्या प्रत्येकीची प्रत वर पाठवायला धावतो. इंजिनाला फाइल पुसायची असते तेव्हा ती वनड्राइव्हच्या हातात असते. एरर येते: ही फाइल दुसरा प्रोग्राम वापरत आहे. हीच एरर आणखी एका साध्या कारणाने येते. मागचा बिल्ड अजून चालूच असतो, खिडकी दुसऱ्या खिडकीमागे दडलेली असते, आणि चालू असलेल्या ईएक्सईवर विंडोज नवी ईएक्सई लिहू देत नाही. 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये आउटपुट काढलं तर परवानगी नाकारली जाते, कारण ती जागा साध्या वापरकर्त्याने लिहिण्याची नाही. विंडोज डिफेंडरमधलं फोल्डर-संरक्षण कोणी चालू करून ठेवलं असेल तर 'डॉक्युमेंट्स'मध्येही अनोळखी प्रोग्रामला लिहिता येत नाही. अशा वेळी सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे 'राइट क्लिक करून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव'. त्याने त्या दिवसापुरतं काम होतं. पण आता काही फाइली अॅडमिनिस्ट्रेटरच्या नावावर बनतात, आणि उद्या साध्या पद्धतीने इंजिन उघडलं की त्याच फाइली कधीकधी पुसता येत नाहीत. एका एररचा उपाय दुसरीचं बी पेरतो. जागा बदलणं हा कंटाळवाणा पण खरा उपाय आहे. डी ड्राइव्ह असेल तर तिच्या मुळाशी, नसेल तर सीच्या मुळाशी, आखूड नावाचं एक फोल्डर करावं.

आखूड नाव म्हणण्याला कारण आहे. विंडोजमध्ये फाइलीचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांत बसला पाहिजे, अशी जुनी मर्यादा आहे. विंडोज १०च्या २०१६ सालच्या आवृत्तीपासून ती शिथिल करता येते, पण त्यासाठी विंडोजमध्ये एक कळ फिरवावी लागते आणि त्या प्रोग्रामनेही तशी तयारी जाहीर केलेली असावी लागते. दोन्ही जुळून येतीलच याचा भरवसा नाही. २६० अक्षरं पुष्कळ वाटतात. पण डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर', त्यात 'न्यू फोल्डर दोन', त्यात 'फायनल प्रोजेक्ट', त्यात झिप उघडल्यामुळे पुन्हा तेच नाव, त्यात 'फायनल प्रोजेक्ट फायनल'. एवढं झाल्यावर इंजिन स्वतःची लांबलचक नावं आणि आवृत्त्यांचे आकडे खाली रचू लागतं. मर्यादा ओलांडली की एरर बहुधा 'पत्ता लांब आहे' असं म्हणत नाही. 'फाइल सापडली नाही' म्हणते. मुलगा फाइल शोधतो, ती तर समोर दिसत असते. त्याला वाटतं इंजिन वेडं झालं.

मराठी घरातल्या मुलासाठी आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदाराने किंवा मोठ्या भावाने वापरकर्त्याचं नाव हौसेने देवनागरीत टाकलेलं असतं, किंवा मुलगा प्रकल्पाचं फोल्डर 'इतवारी' असं नाव देऊन ठेवतो. इंजिन उघडतं, गेम चालतो, सगळं ठीक. अँड्रॉइडसाठी बिल्ड काढायला गेलं की ग्रेडल या साधनावरचं गूगलचं अँड्रॉइड प्लगइन थांबवतं आणि सांगतं की तुमच्या प्रकल्पाच्या पत्त्यात साध्या इंग्रजी लिपीबाहेरची अक्षरं आहेत, विंडोजवर बिल्ड बहुधा फसेल, प्रकल्प दुसरीकडे हलवा. ही तपासणी एका ओळीने बंद करता येते, आणि ती ओळ लगेच सापडतेही. पण तपासणी बंद केल्याने अडचण बंद होत नाही. साखळीतलं पुढचं एखादं जुनं साधन ती अक्षरं वाचताना अडखळतंच, फक्त आता ते जास्त गूढ भाषेत अडखळतं. वापरकर्त्याचं नाव बदलावं, तर सेटिंगमध्ये दिसणारं नाव बदलतं आणि डिस्कवरचं फोल्डर जुन्याच नावाचं राहतं. त्यामुळे प्रकल्प डीवर हलवला तरी इंजिनाचा तात्पुरता साठा अजून त्या देवनागरी नावाच्या फोल्डरखालीच जात असतो. अशा वेळी नवं खातं साध्या इंग्रजी अक्षरांत उघडणं, हा वैतागवाणा असला तरी सर्वात कमी वेळ घेणारा मार्ग आहे.

याहून बारीक गंमत अर्ध्या 'र'मध्ये आहे. समजा गेममधल्या टप्प्यांसाठी 'पायऱ्या' नावाचं फोल्डर केलं. तो अर्धा 'र' मराठीत दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही 'र', हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाला ती दोन वेगळी नावं. त्यातही ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एका तुकड्यानेही लिहिता येतं आणि 'र' अधिक नुक्ता अशा दोन तुकड्यांनीही, आणि जुन्या मॅकवरची फाइलव्यवस्था नावं साठवताना आपणहून दुसरी तऱ्हा करून टाकायची. परिणामी कोडमध्ये लिहिलेलं 'पायऱ्या' आणि डिस्कवरचं 'पायऱ्या' जुळत नाहीत, आणि प्रूफ वाचणारा कितीही निष्णात असला तरी त्याला फरक दिसणार नाही. याच जातीची, पण इंग्रजी अक्षरांतली अडचण म्हणजे लहान-मोठी लिपी. विंडोजला 'प्लेअर'चं पहिलं अक्षर मोठं की लहान याचं सोयरसुतक नसतं, अँड्रॉइडला आणि लिनक्सला असतं. म्हणून लॅपटॉपवर दिसणारं चित्र फोनवर गायब होतं.

इथे आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मराठी मुलाने आपल्या यंत्रावर आपल्या लिपीत नाव का देऊ नये? युनिकोड येऊन तीन दशकं झाली, मग दोष साधनांचा की मुलाचा? दोष साधनांचाच आहे, यात शंका नाही, आणि तो त्यांच्याकडे नोंदवलाही पाहिजे. पण उद्या सकाळी कॉलेजात गेम दाखवायचा असलेल्या मुलाला तत्त्वाचा विजय आजच्या आज मिळणार नाही. मराठी जिथे खेळणाऱ्याला दिसते तिथे ती आग्रहाने असावी. गेमचं नाव, पडद्यावरचे संवाद, बटणांवरची अक्षरं, हे सगळं मराठीत करता येतं, आणि खरी झुंज तिथेच आहे. यूनिटीत बहुतेक जण वापरतात त्या मजकूर-साधनाला जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत, तर गोडोच्या चौथ्या आवृत्तीत ती जुळतात. मराठी गेम करणाऱ्याने इंजिन निवडताना हे पाहावं. डिस्कवरच्या फोल्डरचं नाव खेळणारा कधीच पाहत नाही.

एरर वाचण्याबद्दल थोडं. अनरियलमध्ये बिल्ड फसला की शेवटी लाल अक्षरांत येतं: अज्ञात एरर. लोक तेवढंच टिपून घेतात आणि तेवढंच शोधतात. खरी एरर त्याच्या शंभर-दोनशे ओळी वर असते, बहुतेकदा एखाद्या चित्राच्या किंवा फाइलीच्या नावासकट. यूनिटीची पूर्ण नोंद 'अॅपडेटा' या लपलेल्या फोल्डरमध्ये 'एडिटर लॉग' म्हणून पडलेली असते, आणि बाहेर काढलेल्या गेमची स्वतःची नोंद वेगळी, कंपनीच्या नावाच्या फोल्डरमध्ये. कंपनीचं नाव भरायचं राहिलं असेल तर इंजिन 'डिफॉल्ट कंपनी' असं ठेवतं. जगभरातल्या विद्यार्थ्यांच्या गेमांवर याच कंपनीचं नाव आहे, या हिशेबाने ती जगातली सर्वात मोठी गेम कंपनी ठरावी. वाचण्याचा नियम साधा आहे: पहिली एरर शोधायची, शेवटची नाही. पुढच्या बहुतेक पहिलीच्या पोटातून आलेल्या असतात.

पुसून टाकण्याच्या सल्ल्यावर जाणत्यांचा मोठा आक्षेप असा की हा अंगाऱ्या-धुपाऱ्याचा प्रकार आहे. काही झालं की 'लायब्ररी' पुस, कॅश पुस, पुन्हा इन्स्टॉल कर. कधी बरं होतं, पण का बिघडलं होतं ते कळत नाही, आणि आठवड्याने तेच पुन्हा होतं. यात तथ्य आहे. शिवाय मोठ्या प्रकल्पात 'लायब्ररी' पुसली तर ती पुन्हा बनायला तास जातात, आणि जुन्या लॅपटॉपवर तर ते रात्रीचंच काम. पण आक्षेप घेणारे पुसण्याचा एकच उपयोग धरून चालतात: उपचार. त्याचा मोठा उपयोग परीक्षेचा आहे. पुसल्यावर एरर गेली, तर दोष यंत्राच्या बाजूला होता, जुन्या शिळ्या फाइलीत. राहिली, तर दोष आपल्या बाजूला आहे, आपल्या फाइलीत, नावात किंवा जागेत. शोधायचं क्षेत्र एका झटक्यात अर्धं होतं. आणि यासाठी पुसण्याचीही गरज नाही. फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवलं तरी इंजिन नवं बनवतं, आणि कारण सापडलं नाही तर जुनं परत आणून दोन्हींची तुलना करता येते. वेळेचा मुद्दाही तपासून घ्यावा. आउटपुट फोल्डर आणि 'लायब्ररी' या दोन पायऱ्या आहेत. पहिली पुसायला काहीच लागत नाही, आणि तक्रार आउटपुटची असेल तर सुरुवात तिथूनच करायची. दुसरीकडे वळायचं ते पहिलीने उत्तर दिलं नाही तरच.

वेबसाठी काढलेल्या बिल्डची तऱ्हा वेगळी असते, आणि तिथे फोल्डर निर्दोष असूनही शिव्या त्यालाच पडतात. 'इंडेक्स' फाइलीवर डबल क्लिक केलं तर गेम उघडत नाही, कारण ब्राउझर डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारच्या फाइली वाचू देत नाही. छोटा सर्व्हर लागतोच. सर्व्हरवर टाकल्यावरही 'वाचता येत नाही' अशी एरर आली, तर यूनिटीने फाइली दाबून लहान केलेल्या असतात आणि त्या तशा आहेत हे सर्व्हर ब्राउझरला सांगत नसतो. सर्व्हर आपल्या ताब्यात नसेल तर दाबणं बंद करून पुन्हा बिल्ड काढावा, किंवा यूनिटीतली दाबलेल्या फाइली उलगडून घेण्याची सोय चालू करावी. झिप करून चढवताना 'इंडेक्स' फाइल झिपच्या तोंडाशी हवी, आतल्या फोल्डरमध्ये नको. बस, एवढंच.

राहिला सर्वात वजनदार आक्षेप: सगळंच आउटपुट पुसण्यासारखं असतं हे खरं नाही. खरंच नाही. गोडोच्या त्याच लपलेल्या फोल्डरमध्ये, जे यंत्राचं म्हणून आपण मोकळं सोडलं, अँड्रॉइडच्या सहीचे पासवर्डही नोंदलेले असतात. फोल्डर गेलं की ते पुन्हा भरावे लागतात. यूनिटीत 'लायब्ररी' पुसली तर अँड्रॉइडवर ठेवलेली निवडही तिच्याबरोबर जाते, आणि बेसावध मुलगा पुढचा बिल्ड पुन्हा विंडोजचा काढून बसतो. ज्या फोल्डरवर यूनिटीने ताकीद छापली आहे, त्यातल्या मजकुराशिवाय लोकांच्या हातात गेलेला गेम कोसळल्यावर तो कुठल्या ओळीत कोसळला हे वाचता येत नाही, आणि नंतर काढलेल्या बिल्डमधला मजकूर जुन्या बिल्डला जुळेलच असं नाही. म्हणजे हद्दीवर काही वस्तू आहेत ज्या यंत्राने बनवल्या पण परत तशाच बनणार नाहीत. माझ्या मते यामुळे मूळ म्हणणं ढिलं पडत नाही, उलट त्याचा नेमका उपयोग इथेच कळतो. 'हे पुसलं तर काय जाईल' हा प्रश्न विचारल्याशिवाय या वस्तू सापडतच नाहीत. सापडल्या की त्यांना आउटपुट फोल्डरमध्ये ठेवायचं नाही. लोकांना दिलेला प्रत्येक बिल्ड, त्याच्या तारखेसह आणि त्या दिवशीच्या मूळ फाइलींसह, झिप करून दुसऱ्या डिस्कवर न्यायचा. पेनड्राइव्ह जुन्या एफएटी-३२ पद्धतीचा असेल तर चार जीबीहून मोठी एकच फाइल त्यावर बसणार नाही, हेही आधी पाहायचं.

जपायच्या वस्तूंत सर्वात वर येते ती अँड्रॉइडची सहीची फाइल, कीस्टोअर. ती काही बिल्डमधून निघत नाही. ती एकदाच बनते आणि प्रत्येक नव्या आवृत्तीवर तिचीच सही लागते. पण पहिल्यांदा बनवताना यूनिटी ती कुठे ठेवू असं विचारतं, आणि घाईत ती आउटपुटच्या शेजारी, 'यूजर' अशा कोऱ्या नावाने जाऊन बसते. २०२१च्या ऑगस्टपासून प्ले स्टोअरवरच्या नव्या अॅपसाठी सहीची मुख्य किल्ली गूगल स्वतःकडे ठेवतं, म्हणून आज ती फाइल हरवली तर अर्ज करून चढवण्याची किल्ली बदलून मिळते. त्याआधीचं आणि गूगलच्या या व्यवस्थेत न नेलेलं अॅप असेल, किंवा गेम प्ले स्टोअरबाहेर वाटला जात असेल, तर ही सोय नाही. फाइल गेली की जुन्या खेळाडूंना नवी आवृत्ती मिळत नाही. नवं अॅप नव्या ओळखीने टाकावं लागतं आणि पहिल्या डाउनलोडपासून पुन्हा सुरुवात. यूनिटी इंजिन बंद केलं की कीस्टोअरचा पासवर्ड विसरतं, आणि तो दर वेळी नव्याने टाकण्याचा लोकांना जाच होतो. पण त्या जाचामुळेच तो पासवर्ड करणाऱ्याला पाठ राहतो. फाइल मात्र पाठ करता येत नाही. तिच्या दोन प्रती, दोन वेगळ्या जागी, आणि त्यांतली एकही लॅपटॉपवर नको.